सात-बारा सांगतो किती, नकाशा सांगतो कुठं

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कामं आवरली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. मागच्या वेळी आपण कर्जाच्या व्याजाचा हिशेब बघितला. आज नकाशाबद्दल बोलायचं आहे. नकाशा म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा आठवतो आणि आपलं त्याच्याशी काय काम, असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वी एका वाटेनं माझं मत बदललं.

आमच्या एका गटातल्या अकरा जणींनी ओढ्यापलीकडे तीस गुंठे जमीन खंडानं घेतली होती. भाजीपाला लावला. गावातून तिथं जायला एका शेताच्या कडेनं वाट होती. पहिला पाऊस झाला आणि त्या शेतकरी दादांनी वाट नांगरून टाकली, वर बाजरी पेरली. बायका विचारायला गेल्या तर ते म्हणाले, "इथं वाट होती कधी? असली तर कागद दाखवा."

आता कागद कुठून आणणार? आमच्यातल्या एक आज्जी म्हणाल्या, "अरे बाबा, तुझी आई आणि मी याच वाटेनं ओढ्याचं पाणी आणत होतो." त्यावर ते गप्प बसले, पण वाट काही दिली नाही. टोमॅटोचे कॅरेट डोक्यावर घेऊन लांबचा वळसा सुरू झाला. दोन जणींनी गट सोडायची भाषा केली. शेवटी कुणीतरी म्हणालं, गावचा नकाशा बघा. आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून नकल काढली आणि ग्रामसंघाच्या खोलीत सतरंजीवर पसरली. अकरा जणी भोवती बसल्या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ताई बीए झालेली, ताई वाचणार. आणि मला त्यातलं काही कळेना. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, त्यात आकडे. आमचं गाव कुठं आणि ओढा कुठं, तेसुद्धा सापडेना. खरं सांगते, त्या दिवशी मला लाज वाटली.

मग एका निवृत्त भूकरमापक काकांकडे आम्ही चार रविवार बसलो. त्यांनी नकाशा वाचायला शिकवलं, पण त्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हा नकाशा कुणी काढला आणि कशासाठी काढला, ते आधी सांगा." त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जो इतिहास सापडला, तोच आज सांगणार आहे. कारण ज्या कामासाठी नकाशा काढला, तेवढंच त्यात दिसतं. बाकीचं त्यात शोधून सापडत नाही.

नकाशा नव्हता तेव्हा

जमीन मोजणं आपल्याकडे जुनं आहे. निजामशाहीत मलिक अंबरनं जमिनीच्या साऱ्याची घडी बसवली. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली. सभासदाच्या बखरीत तेव्हाचं माप दिलेलं आहे. पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. माप हाताचं आणि मुठीचं, म्हणजे माणसाच्या अंगाचंच.

पण या मोजणीचा हिशेब शब्दांत लिहिला जायचा. कोणाची जमीन किती आणि तिच्या चार बाजूंना काय, हे लिहून ठेवायचं. पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचं शेत, पश्चिमेला वाट. याला चतुःसीमा म्हणतात. आजही खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, तुम्ही बघितली असेल. म्हणजे चतुःसीमा हा शब्दांनी काढलेला नकाशाच आहे.

आणि बाकीचा नकाशा माणसांच्या डोक्यात असायचा. दोन गावांत शिवेचा तंटा झाला की शीव कुठं आहे हे सांगायला गावच्या महाराला पुढं करायचे. शीव राखणं हे त्याचं काम होतं आणि तंट्यात त्याच्या साक्षीला वजन होतं. हे ऐकून मी थोडी थांबले. गावाची हद्द ज्याला सगळ्यात चांगली माहीत, त्यालाच गावानं शिवेबाहेर ठेवलेलं. त्याचं ज्ञान गावानं घेतलं, मान मात्र दिला नाही. आपल्या आज्जीचंही थोडं तसंच झालं. वाट तिला पाठ, पण कागदावर तिचं म्हणणं कुठं नाही.

इंदापूरची साखळी

१८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांचं राज्य आलं. त्यांना शेतसारा हवा होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुण्याकडच्या भागात पहिली मोठी पाहणी केली. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या निम्म्याहून जास्त सारा लावायचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर हिशेब फार बारीक होता, पण जमिनीशी त्याचा मेळ बसला नाही. सारा झेपेना, धान्याचे भाव पडले आणि लोक शेतं टाकून जाऊ लागले. सगळ्यात जास्त हाल झाले ते इंदापूर तालुक्यात.

म्हणून त्याच इंदापुरात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी नव्यानं काम सुरू केलं. १८३६ पासून तिथं नवा, कमी सारा लागू झाला आणि तो तीस वर्षं बदलणार नाही असं ठरलं. पुढं १८४७ साली या पद्धतीचे नियम पक्के झाले आणि ती मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. इंदापूर आपल्या शेजारचं. एसटीनं बाजाराला जातो त्या तालुक्यातून आपल्या सर्व्हे नंबरांची सुरुवात झाली, हे मला बीएच्या पुस्तकातही कळलं नव्हतं.

काय केलं त्यांनी? गावाचं सगळं शिवार तुकड्यांत विभागलं. एका बैलजोडीनं कसता येईल एवढा साधारण एक तुकडा. प्रत्येक तुकड्याला एक नंबर, हाच सर्व्हे नंबर. कडेनं बांध आणि दगडाच्या खुणा. मोजायला लोखंडी साखळी, तेहतीस फुटांची. त्या साखळीचे सोळा भाग केलेले, त्यांना आणे म्हणायचे, जसे रुपयाचे सोळा आणे. काटकोन बघायला शंकू नावाचं साधन. म्हणून या मोजणीला शंकू-साखळीची मोजणी म्हणतात.

आता गंमत ऐका. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, म्हणजे तेहतीस बाय तेहतीस फूट, हा झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपण रोज "गुंठा, गुंठा" म्हणतो, तो या साखळीचा चौरस आहे. जमिनीचा कससुद्धा त्यांनी आण्यात मोजला. मातीचा रंग आणि खोली बघून चांगली काळी जमीन सोळा आणे, आणि हलकी होत जाईल तसे आणे कमी. मराठीत आपण अजूनही "सोळा आणे खरं" म्हणतो.

या मोजणीतून गावाचा नकाशा तयार झाला. तो काढण्याचं कारण शेतसारा. म्हणून त्यात काय आहे? शेतांच्या हद्दी, त्यांचे नंबर, ओढे, रस्ते, गावाची शीव. आणि काय नाही? गावठाण. गावठाणाच्या जागी नुसता मोकळा तुकडा आहे. घरं नाहीत, गल्ल्या नाहीत, आड नाही, चूल नाही. घरांच्या जागेवर शेतसारा नव्हता, म्हणून ती मोजलीच नाहीत. बाईचा दिवस जिथं जातो ती सगळी जागा त्या नकाशात कोरी आहे.

ती कोरी जागा भरायला फार वर्षं लागली. आता ड्रोननं गावठाणांची मोजणी होते आहे. देशभरात ही स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली. त्यातून घराच्या जागेची मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कोणाचं नाव लागलं ते बघा. चुकलं असेल तर गप्प बसू नका. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, तेही बघून घ्या.

कागद वाचता न येण्याची किंमत

जमिनीला नंबर मिळाला, हद्द ठरली, सारा ठरला. यात शेतकऱ्याचा फायदा होता. आपलं शेत कोणतं आणि देणं किती, हे त्याला कळलं. पण त्याला दुसरी बाजूही होती. नंबर असलेली जमीन गहाण टाकणं सोपं झालं आणि सावकारानं ती घेणंही सोपं झालं. तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा वाढवला. कर्ज वाढलं, गहाणखतावर अंगठे उठत गेले. काय लिहिलंय ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी याचा स्फोट झाला. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि त्यांच्याकडचे कर्जाचे कागद जाळले. तो उठाव पुढं पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत पसरला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. मला त्यात एक गोष्ट दिसते. त्या लोकांचा राग कागदावर निघाला, कारण त्या कागदानं त्यांना बांधलं होतं आणि तो त्यांना वाचता येत नव्हता. आपल्यावर ती वेळ यायला नको. आपण वाचायला शिकू.

नंबर बदलले, तिथं गोंधळ होतो

वाटण्या होत गेल्या, शेतांचे तुकडे पडत गेले. एकाच माणसाचं अर्धा एकर इथं, दहा गुंठे तिथं. म्हणून १९४७ साली मुंबई राज्यात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. ज्या गावांत एकत्रीकरण झालं तिथं सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून तुमच्या सात-बारावर गट नंबर असेल आणि हातात जुना सर्व्हे नंबरांचा नकाशा असेल, तर शेत सापडणार नाही. आम्हीही पहिल्या रविवारी तीच चूक केली. गट नंबर घेऊन जुन्या नकाशात शोधत बसलो आणि दुसऱ्याच्या विहिरीवर बोट ठेवलं. नकल मागताना गट नकाशा हवा की जुना, हे सांगायचं. जुन्या वाटेचा शोध असेल तर दोन्ही मागायचे.

आणि हे लक्षात ठेवा. सात-बारा सांगतो जमीन किती आणि कोणाची. ती कुठं आहे हे नकाशा सांगतो. एखादीच्या नावावर वीस गुंठे लागले, पण ते ओढ्याकाठचे की माळावरचे हे तिला दाखवताच आलं नाही, तर तिचा हक्क अर्धाच राहतो. आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशात २००५ पासून वडिलोपार्जित शेतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं हक्क आहे. हक्काच्या पुढची पायरी म्हणजे आपला हिस्सा बोटानं दाखवता येणं.

दुसऱ्या जातीचा नकाशा: डोंगर, उतार, पाणी

आता दुसरा प्रकार. हा नकाशा साऱ्यासाठी काढलेला नव्हता. देश कसा आहे, डोंगर किती उंच, नदी कुठून जाते, हे त्यात आहे. फौजेला आणि राज्य चालवायला त्याची गरज होती. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली सुरू झाला. १८०२ साली लॅम्ब्टन या अधिकाऱ्यानं मद्रासजवळ एक सरळ रेषा फार काटेकोरपणे मोजली आणि तिच्यावर एकापुढं एक त्रिकोण रचत सगळ्या देशाची मोजणी सुरू झाली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणितानं निघतात, प्रत्येक वेळी साखळी टाकावी लागत नाही. हे काम पिढ्यानपिढ्या चाललं. याच कामात बंगालचे गणिती राधानाथ सिकदार यांनी १८५२ साली हिशेब करून दाखवलं की जगातलं सगळ्यात उंच शिखर कोणतं आहे. शिखराला नाव मात्र मिळालं एव्हरेस्ट या साहेबाचं. हिशेब एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला नवं नाही.

या नकाशात रंग असतात. पाणी निळं, झाडी हिरवी, शेती पिवळी, वस्ती आणि मोठे रस्ते लाल. एरवी कोरडे पडणारे ओढे काळ्या रेषेनं दाखवतात. आपल्याकडं काळ्या रेषाच जास्त दिसतात. आणि तपकिरी रंगाच्या वाकड्यातिकड्या रेषा असतात, त्या समोच्च रेषा. एका रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्याच उंचीवर असतात.

हे मला समजेना तेव्हा काकांनी पाझर तलावाचं उदाहरण दिलं. उन्हाळ्यात तलाव आटत जातो तशा काठावर एकाखाली एक रेघा उमटतात. एकेक रेघ म्हणजे पाणी एकेकाळी जिथवर होतं ती पातळी. वरून बघितलं तर तोच समोच्च रेषांचा नकाशा. जिथं रेघा जवळजवळ आहेत तिथं काठ उभा आहे, जिथं लांब लांब आहेत तिथं तो पसरट आहे. नकाशातही तसंच. रेषा दाटीनं असल्या की चढ उभा, पाणी जोरात धावणार आणि माती नेणार. रेषा लांब असल्या की उतार मंद, पाणी थांबवायला सोपं.

हे ऐकून मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या कामावर होत्या. माळावर चुन्याच्या फक्कीनं रेघ मारलेली असायची आणि त्या रेघेवर बायका बांध घालायच्या, चर खणायच्या. पोर पाळण्यात, पाळणा बाभळीला. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला आणि अशी कामं चालूच राहिली. ती फक्कीची वाकडी रेघ म्हणजे नकाशातली समोच्च रेषाच जमिनीवर उतरवलेली. आजेसासूबाई म्हणायच्या, "सरळ रेघ मारायची सोडून असली वाकडी का मारतात कोण जाणे." त्यांना कुणी सांगितलंच नाही की ती वाकडी आहे म्हणूनच पाणी थांबतं. ज्या हातांनी चर खणले त्यांना नकाशा दाखवायची गरज कुणाला वाटली नाही.

राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारची नावं आपण ऐकली आहेत. तिथं पाणी अडवायचं काम माथ्यापासून पायथ्याकडं झालं. माथा कुठं आणि पायथा कुठं हे समोच्च रेषांच्या नकाशावर दिसतं. आपल्या गावात पाणलोटाचं काम येईल तेव्हा आराखड्याचा नकाशा ग्रामसभेत मागा आणि बंधारा उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते विचारा.

हे नकाशे बरीच वर्षं सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते. २००५ साली देशाचं नकाशा धोरण आलं, तेव्हापासून लोकांसाठी वेगळे नकाशे निघू लागले. आता तर मोबाईलमध्ये नकाशा आहे. तो दवाखान्याचा रस्ता दाखवायला फार उपयोगी. पण त्यावर दिसणारी शेताची रेघ म्हणजे सरकारी मोजणी नव्हे. त्यावर विसंबून बांध फोडायला जाऊ नका.

तिसरा नकाशा आपला

तिसरा प्रकार आपणच काढायचा. १९८० च्या दशकाच्या शेवटी भारतातल्या काही संस्थांनी गावकऱ्यांकडूनच जमिनीवर गावाचा नकाशा काढून घ्यायला सुरुवात केली. रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकानं त्यावर लिहिलं आणि ही पद्धत जगभर गेली. पीआरए म्हणतात तिला. आपल्याकडं रांगोळी, खडे, पानं, बिया घेऊन देवळापुढं किंवा शाळेच्या पटांगणात असा नकाशा काढतात.

मी आमच्या गावात हा प्रयोग केला तेव्हा पुरुषांना एक नकाशा काढायला दिला, बायकांना वेगळा. पुरुषांच्या नकाशात आधी चावडी, देऊळ, पार, एसटीचा थांबा आणि ज्याच्या त्याच्या विहिरी आल्या. बायकांच्या नकाशात हापसा, रेशन दुकान, अंगणवाडी, सरपणाची जागा, आणि दोन ठिकाणी कोळशानं काळं केलेलं होतं. "हे काय?" विचारलं तर म्हणाल्या, "ताई, इथं रात्री दिवा नसतो." तो नकाशा आम्ही वहीत उतरवून ग्रामसभेत मांडला. दोनपैकी एका ठिकाणी दिवा लागला आहे. दुसऱ्यासाठी अर्ज चालू आहे.

असा नकाशा कोर्टात पुरावा म्हणून टिकणार नाही. पण जे सरकारी नकाशात कोरं आहे ते यात भरता येतं. तिन्ही प्रकार आपापल्या जागी खरे आहेत, एकाचं काम दुसरा करत नाही.

नकाशा हातात घेतल्यावर

काकांनी शिकवलेली रीत सांगते, लिहून घ्या. आधी मथळा वाचा: कोणतं गाव, कोणत्या सालचा, गटाचा की सर्व्हे नंबरांचा. मग दिशा. उगवतीकडे उजवा हात करून उभं राहिलं की तोंड उत्तरेला येतं. नकाशातला उत्तरेचा बाण तिकडं करा आणि नकाशा जमिनीवर ठेवा. आपली मान वाकडी करायची नाही, कागद फिरवायचा. मग आपल्याला नक्की माहीत असलेली एक खूण शोधा. आम्हाला ओढ्याचं वळण आधी सापडलं, मग सगळं उलगडत गेलं.

त्यानंतर प्रमाण. आमच्या गावच्या नकाशात एक इंचाला वीस साखळ्या होत्या. वीस गुणिले तेहतीस, म्हणजे एक इंचाला सहाशे साठ फूट. वाकडी वाट मोजायला शिवणाचा दोरा वाटेच्या वळणावर ठेवायचा, मग सरळ करून पट्टीवर मोजायचा. आमचा दोरा भरला दीड इंच, म्हणजे वाट नऊशे नव्वद फूट. एक सावधगिरी ठेवा. झेरॉक्स लहान-मोठी झालेली असेल तर हे प्रमाण चुकतं. मोबाईलच्या फोटोवर तर मोजूच नका.

शेवटी चिन्हं. गाव नकाशात रस्त्याला साधारण तीन खुणा असतात. दोन सलग रेषा म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा फुटांपासून पुढं. एकच तुटक रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे आकडे असे अडनिडे का? साखळी आठवा. साडेसोळा फूट म्हणजे अर्धी साखळी, आठ आणे. सव्वाआठ म्हणजे पाव साखळी, चार आणे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची साखळी आजही आपल्या वाटेची रुंदी ठरवते आहे.

आमच्या वाटेचं काय झालं

चौथ्या रविवारी आज्जींनीच बोट ठेवलं. ओढ्याच्या वळणापासून निघून आमच्या खंडाच्या शेतापर्यंत जाणारी रेष होती. पण ती एकच तुटक रेष होती. आम्ही गाडीवाट मागत होतो आणि नकाशात पायवाट निघाली. दोघी-तिघी हिरमुसल्या. एकजण म्हणाली, "ताई, दाखवायलाच नको मग." पण आज्जी म्हणाल्या, "आपणच कागद मागायचा आणि आपणच लपवायचा? चार आणे आहेत ना, चार आणे घेऊ."

तहसीलदारांकडे अर्ज दिला. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर त्याच्या कलम पाचखाली दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत पाठ करा. बांधावरून नवी वाट हवी असेल तर महसूल कायद्याचं कलम १४३ आहे, ते वेगळं. आम्ही अर्जासोबत नकाशाची नकल जोडली आणि वाट लाल पेन्सिलीनं दाखवली. जागेवर पाहणी झाली तेव्हा तिथं बोलले कोण? त्या अकरा जणी. नकाशा उत्तरेकडे करून जमिनीवर ठेवला, ओढ्याचं वळण दाखवलं, दोरा लावला. शेतकरी दादाही वाकून बघायला लागले. त्यांनीही तो नकाशा पहिल्यांदाच बघितला होता. गाडीवाट नाही म्हटल्यावर त्यांचाही ताठा गेला. बाजरी निघाल्यावर सव्वाआठ फूट वाट मोकळी झाली. हातगाडी जाते. टेम्पो जात नाही, तो रस्त्यावर थांबतो. गट टिकला.

आता तुम्हाला एक काम देते. पुढच्या बैठकीआधी आपल्या गावच्या नकाशाची एक नकल काढा, खर्च गटातून करा. बैठकीत सतरंजीवर पसरा आणि प्रत्येकीनं तीन गोष्टी बोटानं दाखवायच्या: आपलं शेत किंवा आपण राबतो ते शेत, आपल्या पाण्याची जागा, आणि तिथं जायची वाट. जी गोष्ट नकाशात सापडणार नाही ती वहीत लिहून ठेवा. ती यादी घेऊन ग्रामसभेला जायचं आहे.

येते मग. पुढच्या भागात पाणलोटाच्या आराखड्यातले शब्द समजून घेऊ. नमस्कार.